हळद्याची जागा

ऐनाच्या झाडावर चढलेल्या माणसाशी भांडायला जाऊ नये. त्याच्या हातात कोयता असतो आणि त्याला खाली उतरायची घाई नसते. पण काशीरामला हे सांगणार कोण? भावकीतला वडील माणूस, वाडीतल्या प्रत्येक बारशाचा आणि तेराव्याचा मुकादम. सकाळपासून तो झाडाखाली उभा राहून मान वर करून बोलत होता आणि साठीचा धाकू वर फांदीला पाय लावून कवळं, म्हणजे पाल्याच्या डहाळ्या, तोडत होता. तोडलेली प्रत्येक फांदी नेमकी काशीरामच्या शेजारी येऊन पडत होती. तरी तो हटत नव्हता.

माघ लागला होता. भाजावळीचे दिवस. भाताचा तरवा, म्हणजे रोपं, जिथे पेरायचा तो तुकडा आधी भाजून काढावा लागतो, त्यासाठी कवळं, वाळल्या पानांचा पातेरा, शेण जे मिळेल ते गोळा करून पसरायचं. धाकूकडे हे करायला दुसरा गडी नव्हता. गडी होता तो बारा वर्षांमागे रत्नागिरीला बोटीत बसला, तो बसलाच.

"धाकू, मानमोडीची साथ आली त्याच्या दुसऱ्या वर्सी तुजा सदू गेला," काशीराम खालून म्हणाला. "बारा वर्सं भरली. आता शास्त्राला काय सांगनार हायस?"

"शास्त्र काय माजी कवळं तोडायला येनार हाय?"

"चेष्टा नुको. दर्भाचा मानूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा, दहावा-बारावा करायचा. पोराचा जीव कुटं लोंबकळत असंल, त्याला वाट मिळंल. आनि त्या पोरीचा तरी इचार कर. नवरा नाय, पोर नाय, कपाळाला कुकू लावून बसलीय. एकदा पुतळा जाळलास की मोकळी झाली. तिच्या भावानं पाटाला घर बगून ठेवलान हाय. तू उद्या गचकलास म्हंजे तिला कोन हाय?"

धाकूचा कोयता थांबला. हे शेवटचं वाक्य त्याच्याच मनातलं होतं. सदू मुंबईच्या धक्क्यावर उतरला, हे गावच्या दोघांनी पाहिलं होतं. पुढे कोणी म्हणे गिरणीत लागला, कोणी म्हणे खलाशी होऊन आफ्रिकेला गेला, कोणी काहीच म्हणत नसे, आणि न म्हणणाऱ्यांचंच खरं असावं असं धाकूला कितीतरी वर्षांपासून वाटत होतं. पण सुनेसमोर, मैनेसमोर, ते बोलायची त्याची छाती नव्हती. शिमग्याला मुंबईकर गावात आले की मैना प्रत्येकाच्या दारात जाऊन यायची. नवऱ्याचं नाव काढायची नाही. घरात चूल पेटलेली असताना विस्तव मागायला जायची, कोण आलंय ते बघायची, आणि विस्तव घेऊन परत यायची. सगळ्या वाडीला ते ठाऊक होतं. कोणी हसत नसे.

"बरा," धाकू वरून म्हणाला. "ह्या अवसेला कर. पन तिला मी सांगताव. तू त्वांड घालू नुको."

एवढ्यात खाली हळद्या केकाटला.

हळद्या म्हणजे धाकूचा पिवळा कुत्रा. मालक झाडावर असला की खाली ढिगात तोंड खुपसून उंदीर हुडकायचा त्याचा धंदा. आज पातेऱ्यात उंदराऐवजी फुरसं निघालं. जनावर वीतभर, पण त्याच्यापुढे वाघाची काय कथा! धाकू उतरला कसा ते त्यालाही कळलं नाही. हळद्या नाकपुडी जमिनीला घासत होता. दुपारपर्यंत तोंड सुजून नारळाएवढं झालं, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, आणि धाकूच्या पायावर मान टाकून तो गेला. काशीराम तेवढा वेळ उन्हात बसून राहिला. तोंडाळ होता, पण वाईट नव्हता.

मैना शेण घेऊन आली तेव्हा तिने बघितलं, टोपली खाली ठेवली, पदराने कुत्र्याचं तोंड पुसलं. मग म्हणाली, "मामा, आता चांदीला काय सांगायचा?"

चांदी म्हणजे म्हैस. कपाळावर पांढरा टिक्का, म्हणून चांदी. सदूचं काहीच कळेना तेव्हा मैनेच्या भावाने बहिणीला आधार म्हणून ती पारडी आणून बांधली होती. मैनेचं असं ह्या घरात तेवढं एकच. हळद्याला मैनेने पिल्लू असताना उचलून आणलं, ते थंडीचं म्हशीच्या पोटाशी जाऊन निजलं, आणि तिने त्याला लाथ मारली नाही. तेव्हापासून ही दोघं एका गोठ्यात. वरच्या कातळी सड्यावर चरायला गेली की हा मागे, संध्याकाळी बेड्यातून, आवाराच्या फाटकातून, आत येताना हा सगळ्यात शेवटी, आणि गव्हाणीच्या डाव्या कोपऱ्यातल्या पेंढ्यावर ह्याची निजायची जागा.

गेल्या भादव्यात चांदीचं रेडकू मेलं. रेडकू मेलं की म्हैस पान्हा सोडत नाही, हे पोराटोरांनाही माहीत. मग त्याचं कातडं काढून आत पेंढा भरायचा, चार पाय लावून पुढ्यात उभं करायचं. म्हैस त्यालाच चाटते आणि दूध देते. पण चांदीला ते करावंच लागलं नाही. रेडकाच्या जागी हळद्या जाऊन उभा राहिला, तिने त्याची पाठ चाटायला घेतली, आणि मैनेच्या हातात धार लागली. वाडीभर हसू झालं. काशीरामची बायको गंगुबाई तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आमच्या धाकूभावजींची म्हस कुत्र्याला पान्हवते. उद्या कोंबडा अंड्यावर बसवतील!"

आता तो पान्हवणारा गेला होता. चांदी त्या वेळी सड्यावर होती, तिने काही पाहिलं नव्हतं. धाकू हळद्याकडे बघत राहिला आणि त्याला ती गोष्ट सुचली. सुचायला नको होती.

तो कुत्र्याला पोत्यात घालून महारवाड्यातल्या बाबल्याकडे गेला. बाबल्याचा बाप जिवंत असताना गावातल्या रेडकांची कातडी भरून द्यायचा, त्याच्यासारखा हात कोणाचा नव्हता. पण महारवाड्याने सभा घेऊन मेलेली गुरं ओढायचं आणि कातडी काढायचं काम सोडलं होतं. गाव त्यांच्यावर रागावलं होतं. हात घाणीत न घालता रागवायला काय खर्च लागतो?

"ता काम आमी सोडला, धाकूमामा," बाबल्या दारातूनच म्हणाला. "तुमाला म्हाईत हाय."

"एकदाच कर रं. कुनाला सांगत नाय."

"कुनाला सांगायचा प्रश्न नाय. सोडला तो सोडला. आनि कुत्र्याचा कातडा भरलेला कुनी आयकलान हाय काय?"

"रेडकाचा चालता तर कुत्र्याचा का नाय चालनार?"

बाबल्याने दार लोटून घेतलं. परत येऊन कवळांच्या ढिगाआड बसून धाकूने ते काम स्वतः केलं. कुणब्याच्या घरच्या म्हाताऱ्याने कुत्रा सोलला हे कळलं असतं तर भावकीने त्याला पंगतीत बसू दिलं नसतं. "माफ कर बाबा," असं तो मधूनमधून म्हणत होता. कातड्याला आतून मीठ आणि राख चोळून त्याने ते माळ्यावर वाळत टाकलं. बाकीचा हळद्या शेताच्या बांधाला पुरला.

इकडे चांदी वाट बघायला लागली.

संध्याकाळी सड्यावरून आली की बेड्याशी थांबायची. पुढे हाका, ओढा, नाही. मान वळवून मागे बघायची, नाकातून हूं करायची, आणि मागे कोणी येत नाही म्हटल्यावर आत पाय टाकायची. धारेला डाव्या बाजूला तोंड नेऊन जमीन हुंगायची. गोठ्याच्या ज्या खांबाला हळद्या अंग घासायचा तो खांब चाटायची. दूध आटत चाललं, पण थोडं येत होतं. वैरणही खायची, फक्त गव्हाणीचा डावा कोपरा सोडून. तिथला पेंढा तिने तोंडात घेतला नाही. मैनेने मुद्दाम त्यावर हिरवं गवत टाकून बघितलं. बाकीचं संपवून ती उभी राहिली, कोपरा तसाच.

"मामा, जागा राखतेय ती," मैना म्हणाली. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता. "तो येनार म्हनून राखतेय."

"येतोय कुटला! वाट बगून प्वाट भरत नाय, बाय."

"भरता मामा. थोडाथोडा भरता."

अवसेचं सांगायला हीच वेळ होती. तोंड उघडलं आणि, "तंबाकू हाय काय वाईच?" असं विचारून तो पडवीत गेला. माणूस झाडावरून पडायला घाबरत नाही आणि सुनेशी चार शब्द बोलायला घाबरतो, त्याला काय करणार!

पण मनात त्याचं चक्र चालूच होतं. जनावर झुरतंय, त्याला त्याचं माणूस दाखवावं, बरं वाटेल. पोरगी झुरतेय, तिला एकदा काय ते दाखवावं, मोकळी होईल. ह्या म्हाताऱ्याच्या काळजात काळं नव्हतं. दोघींचं बरं व्हावं, एवढंच त्याला पाहिजे होतं. आणि ते कसं करायचं हे आपल्याला कळलंय, अशी त्याची पक्की समजूत होती.

कातडं वाळलं. त्याने बांबूच्या कामट्यांचे पाय केले, आत पेंढा ठासला, दाभणाने पोट शिवलं. शेपटीत वेत घातला. डोळ्यांच्या जागी काही सुचेना, तेव्हा दोन गुंजा बसवल्या. काम झाल्यावर त्याला थोडा अभिमानही वाटला. चांदी सड्यावरून यायच्या आधी त्याने तो गोठ्यात नेऊन डाव्या बाजूला उभा केला आणि मैनेला हाक मारली.

मैना कळशी घेऊन दारातच थांबली. "मामा, ह्या काय केलात?"

"बग तर खरा. रेडकागत चाटंल. भरभरून दूध दील."

मैनेने कळशी छातीशी धरली.

चांदी आली. बेड्याशी थांबली, सवयीने मागे बघितलं, मग गोठ्याकडे बघितलं. आणि ती धावली. चांदीसारखी अवजड म्हैस धावताना धाकूने कधी पाहिली नव्हती. हूं हूं करत ती आत घुसली, त्या कुत्र्याच्या मानेवर तोंड ठेवलं, आणि चाटायला लागली. "बस बस, धारेला बस!" धाकू ओरडला. मैना बसली. कळशीत धार वाजली. एक, दोन, चांगली जाड धार. धाकूचे डोळे भरून आले. "बगितलास? बगितलास गो बाय? मी सांगत व्हतो मा!"

मग चाटणं हळू झालं. जिभेला मीठ लागलं असेल, राख लागली असेल, शिवणीतून आलेली पेंढ्याची काडी टोचली असेल. चांदीने नाक पोटाशी नेलं आणि हुंगलं. पाठीवर हुंगलं. मग तोंडाशी नाक नेऊन बराच वेळ उभी राहिली, श्वास यायची वाट बघत असल्यासारखी. मैनेच्या हातातली धार तुटली. चांदीने कपाळाने त्याला जरा ढकललं. जिवंत कुत्रा एवढ्याने दोन पावलं सरकून परत चिकटला असता. हा आडवा झाला. हलका होता, पडताना आवाजही आला नाही. चारी कामट्या वर.

तिने त्याच्याकडे बघितलं, आणि मग मान वळवून मैनेकडे बघितलं. ओरडली नाही. पाय दुमडून खाली बसली, तोंड भिंतीकडे करून.

त्यानंतर तिने बेड्याकडे कधी बघितलंच नाही. डावा कोपराही तिने राखला नाही. राखायचा तर बाकीचं खावं लागतं, ते तिने सोडलं. आता गव्हाण सगळीच भरलेली राहू लागली. धाकूने तो कुत्रा त्याच संध्याकाळी नेऊन जाळला, पण बघितलेलं कोणाला परत घेता येतं का? गंगुबाईने मिरच्या-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. काशीरामने हळद-मीठ जिभेला चोळलं. धाकू बांबूच्या नळ्याने तांदळाची पेज घशात ओतायचा, ती कडेने बाहेर यायची.

"अगो चांदे, खा गो," तो तिच्या कानाशी बसून सांगायचा. "मी चुकलो. मला वाटला तुला बरा वाटंल. तुझ्या पायावर डोका ठेवताव. खा."

मैना मात्र म्हशीला खा म्हणून सांगत नव्हती. पाठीवरून हात फिरवत नुसती जवळ बसायची.

अवसेच्या चार-दोन दिवस आधी चांदी मेली. काशीराम आणि वाडीतल्या माणसांनी मिळून ओढून नेली आणि सड्याच्या कडेला खड्डा करून पुरली. कोणी थट्टा केली नाही. गंगुबाई येऊन मैनेजवळ बसली आणि डोळ्याला पदर लावला. मैना रडली नाही, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

अवस उजाडली तसे काशीराम आणि भटजी दर्भाची पेंडी घेऊन खळ्यात हजर. धाकूने मैनेला अजून एक शब्द सांगितला नव्हता. भटजींनी पाट मागितला, धोतर सावरून बसले, आणि सराईत हातांनी दर्भाच्या मुठी बांधायला लागले. ही छाती. हा हात. हा दुसरा हात. डोक्यासाठी नारळ बाजूला काढून ठेवला.

धाकू पडवीच्या खांबाला टेकून बघत होता. आपल्याच घरात, आपल्याच हुकमाने, दुसऱ्यांदा हे चाललंय. आता हा माणूस पुरा होईल, मग पोरीला आतून बोलावतील, ह्याच्यापुढे उभी करतील, आणि ती बघेल. चांदीने बघितलं तसं.

"थांबवा!" तो ओरडला.

भटजींचा हात थांबला. काशीराम म्हणाला, "काय झाला रं?"

"काय व्हायचा ऱ्हायलाय! उठा! माजा पोरगा मेलेला मी बगितलेला नाय, तर मी जाळू कुनाला? गवताला? चालते व्हा माज्या खळ्यातनं!"

"अरं, तूच हो म्हनालास मा? मुहूर्त..."

"तुज्या मुहूर्ताला आग लाव!" धाकूने कोयता उचलला. झाडावरचा कोयता वेगळा आणि हातात उगारलेला वेगळा, एवढं काशीरामला कळत होतं. भटजी सोवळं गोळा करून उठले. "फिरलंय डोकं म्हाताऱ्याचं," असं पुटपुटत दोघं बेड्यातून बाहेर पडले.

धाकूची छाती हलकी झाली होती. म्हशीला वाचवता आलं नाही, पोरीला वाचवलं. तो आत गेला. मैना चुलीपुढे बसून तांदूळ निवडत होती. बाहेरचं सगळं तिला ऐकू गेलं असणार.

"घालवला त्यांना, बाय," तो तिच्यासमोर उकिडवा बसत म्हणाला. "तुला कायएक बगायला लागनार नाय. मी जित्ता हाय तवर ह्या घरात ता व्हनार नाय. तू आपली वाट बग. कदी येयाचा तवा येऊदे."

मैनेने सूप खाली ठेवलं.

"मामा, चांदीच्या कासंला माजा हात व्हता त्या दिवशी."

"जाऊदे गो आता ता."

"धार तुटली मा, तवा तिचा आंग कसा गार पडला, ता माज्या हाताला कळला. मी वर बगितला तर ती माज्याकडं बगत व्हती. मला म्हनाली, आता तूबी ऊठ."

धाकूने खाली ठेवलेलं सूप उगाच तिच्याकडे सरकवलं.

"त्याच बैठकीला माजी वाट बगून झाली, मामा. बारा वर्सं मी पेंढाच चाटीत व्हते. तुमाला सांगायची हिंमत नव्हती. तुमी एवडे खटपटीनं त्याला डोळं लावलेलात."

"बाय..."

"भटजीनला परत बोलवा. उतारावर असतील, लांब गेले नसतील. आनि तुमी रडू नुका. मी पाटाला जानार नाय. ऱ्हाईन हितंच. तुमाला पेज कोन दील?"

हे सगळं तिने चांगल्या समजूतदार आवाजात सांगितलं, आणि परत सूप घेऊन खडे काढायला लागली. तिच्या डोळ्यांत पाणी असतं तरी धाकूला बरं वाटलं असतं. तो भिंतीला धरून उठला.

खळ्यात दर्भाचा माणूस पडला होता. भटजी उठले त्या घाईत त्याची छाती थोडी सुटली होती, हात दोन्ही झाले होते, पाय व्हायचे राहिले होते. धाकूने खाली बसून सुटलेल्या काड्या वेचल्या, मूठ परत आवळून बांधली, ते सगळं नीट काखेत घेतलं आणि बेड्यातून बाहेर पडला.

"भटजीनू," तो उतारावरून हाका मारत निघाला, "ओ भटजीनू, वाईच थांबा!"